तिबिलिसीहून कोणती बाटली मागवायची: रांजणातली की निमगोड?

नागपूरची पोरं आता एमबीबीएसला जॉर्जियापर्यंत जातात. सुट्टीवर निघाली की तिबिलिसीच्या विमानतळावरून फोन येतो, "मामा, वाइन आणू का? कोणती आणू?" माझ्या भाच्याने दोनदा विचारलं आणि दोन्हीदा माझं काही ना काही चुकलं. तुम्हाला असा फोन येणार असेल तर आधीच ठरवून ठेवा. कस्टममध्ये विनाशुल्क दोनच लिटर चालते, म्हणजे बाटल्या दोन.

एक असते क्वेव्रीतली. क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला भलामोठा रांजण, आतून मेण लावलेला. आपल्याकडे जुन्या वाड्यांत धान्याचं पेव असायचं, तसंच हे वाइनचं पेव. जॉर्जियाच्या काखेती भागात द्राक्षांचा रस, सालं, बिया, कधी देठंसुद्धा एकत्रच आत जातात आणि पाच-सहा महिने तिथेच मुरतात. त्यामुळे द्राक्षं पांढरी असूनही वाइनला रंग येतो कोऱ्या चहाचा आणि जिभेला तुरटपणा जाणवतो. जॉर्जियात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत वाइनचे अंश सापडलेत. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली.

दुसरी निमगोड लाल, किंड्झमराउली. सापेरावी नावाच्या द्राक्षाची, ज्याचा गरसुद्धा लाल असतो. सगळी साखर आंबायच्या आत टाकी थंड करून आंबणं थांबवतात, म्हणून गोडी उरते. ही रशियन गिऱ्हाइकाची आवड. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, ती उठली २०१३ मध्ये. मधल्या वर्षांत नवीन बाजार शोधावे लागले, आणि गंमत बघा, युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी डोक्यावर घेतली ती क्वेव्रीच. एकूण उत्पादनात तिचा वाटा लहान, पण जाहिरातीत सगळीकडे तोच रांजण.

माझी पहिली चूक याच रांजणाने झाली. "पारंपरिक आण" असं मोघम सांगितलं. भाच्याने छान मातीची, नक्षीची बाटली आणली. आम्ही म्हटलं, वा, हीच ती! ओतली तर निमगोड लाल. बाटली मातीची असली म्हणजे वाइन मातीत मुरलेली नसते. ती पाहुण्यांसाठीची शोभेची वस्तू. लेबलवर क्वेव्री हा शब्द आहे का, तेवढं बघायला सांगा. नुसतं द्राक्षाचं नाव, समजा रकात्सितेली, बघून भागत नाही, कारण त्याच द्राक्षाची स्टीलच्या टाकीतली फिकट वाइनही मिळते.

पण त्या रात्री सावजी मटण होतं, आणि ती 'फसवी' बाटली अर्ध्या तासात संपली. थंडगार, किंचित गोड, तिखटाला उतारा. पुढच्या खेपेला खरी क्वेव्री आली. हौसेने पुन्हा सावजीच मागवलं, ही दुसरी चूक. तिखटावर तुरट वाइन जास्तच खरखरीत लागते, आणि त्यातल्या अल्कोहोलने मिरचीची आग आणखी भडकते. भाऊजी एक घोट घेऊन म्हणाले, "हा तर काढा आहे बाप्पा." अर्धी बाटली तशीच उरली.

उरलेली मी फ्रिजमध्ये ठेवली. चार दिवसांनी घरी भरीत होतं, कांद्याची पात घातलेलं, सोबत भाकरी आणि जवसाची चटणी. सहज ग्लासात घेतली. वांग्याचा भाजलेला वास, चटणीचा तेलकट खमंगपणा आणि तो तुरटपणा असे जुळले की मीच चकित झालो. नंतर लक्षात आलं की जॉर्जियात वांग्यात अक्रोडाचं वाटण भरून खातात. वाइन त्या ताटासाठीच वाढलेली. सालांमुळे आलेल्या तुरटपणाने ती उघडल्यावरही चार दिवस टिकून राहिली, हा वरचा फायदा.

म्हणून माझं मत सरळ आहे. मंडळी जमणार, ताटात रस्सा लाल, कोणाला वाइनची सवय नाही, तर निमगोड मागवा आणि कमीपणा वाटून घेऊ नका. घरी दोघं-तिघं, जेवण सावकाश, पानात भरीत किंवा गोळाभात, तर क्वेव्री. नाशिकची किंचित गोड शेनिन ब्लांकही सावजीबरोबर बरी चालते, कोणी परदेशात नसेल तर. (आपलीच परंपरा हवी म्हणाल, तर मोहाची आहे, पण ती गाळलेली दारू, तिची तुलना इथे नको.)

आणि आपला उन्हाळा विसरू नका. 'खोलीच्या तापमानाला प्या' हा सल्ला युरोपातल्या खोलीचा. नागपुरात मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली उकडून निघते, मग ती कोणत्याही पद्धतीची असो. फ्रिजमध्येच ठेवा, क्वेव्री प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, निमगोड थेट ग्लासात.

भाचा या डिसेंबरात येतोय. त्याला लिहिलंय: एक क्वेव्री, एक किंड्झमराउली, लेबलचा फोटो आधी पाठव, मातीची बाटली नको, आणि दोन्ही जाड मोज्यांत घालून बॅगेच्या मधोमध ठेव.