व्हील बॅलन्सिंग: ८०च्या पुढची थरथर खरंच जाते का?

टायरच्या दुकानात काही शे रुपयांत होणारं कॉम्प्युटराइज्ड बॅलन्सिंग, म्हणजे चाक मशीनवर फिरवून हलक्या बाजूला रिमला छोटी वजनं लावणं, ही सेकंडहँड गाडीवर करून घेण्यासारखी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सेवा आहे. मात्र थरथर चाकातून येत असली पाहिजे आणि काम नीट झालं पाहिजे. अनेक दुकानांत मशीन उत्तम असतं, पण चाक त्यावर चढवताना घाई होते. मग पैसे देऊनही स्टेअरिंग ९०ला तसंच हलतं आणि मालक लोअर आर्म, रॅक असे सस्पेन्शन-स्टेअरिंगचे भाग बदलायच्या खर्चाकडे वळतो.

आधी वजनाचा हिशोब बघू. १८५/६५ आर १५ मापाचं टायर, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी हॅचबॅक आणि छोट्या सेडानचं, ९०च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १३ फेरे मारतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक असेल, तर त्या वेगाला तो प्रत्येक फेऱ्यात सुमारे अडीच किलोचा हिसका देतो. वेग अर्धा केला की हिसका चौथाई होतो. म्हणूनच गावातल्या गावात ४५-५०ने मारलेल्या ट्रायलमध्ये हा दोष कळत नाही. सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची एक लय असते, चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की थरथर एकदम वाढते, आणि वेग आणखी वाढवला की कधीकधी कमीही होते. ८० ते ११०च्या मधेच त्रास देणारी थरथर बहुतेक वेळा चाकाची असते. गाडी घेण्याआधीची ट्रायल मोकळ्या हायवेवर, कायदेशीर वेगमर्यादेत, निदान ९०पर्यंत घ्यावी ती याचसाठी.

दुकानात जायच्या आधी अर्ध्या तासात बरंच निदान घरचं घरी होतं. टायर थंड असताना ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. गाडी विक्रेत्याकडे महिनोन्‌महिने एका जागी उभी असेल तर टायरला खालून चपटेपणा आलेला असतो, त्यामुळे २०-३० किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावरच मत बनवा. थरथर हातात, म्हणजे स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटखाली, पाठीत जाणवत असेल तर मागच्या. खात्री करायची तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. थरथर हातातून सीटखाली गेली तर चाकंच दोषी, आणि बॅलन्सिंगचा पैसा योग्य जागी जाणार.

जागा बदलली नाही तर शोध दुसरीकडे. रस्ता सरळ आणि रिकामा असताना ९०ला अ‍ॅक्सिलरेटर सोडा, मॅन्युअल गाडी असेल तर न्यूट्रल करा. इंजिन मात्र चालूच ठेवा. चावी फिरवली तर ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते आणि स्टेअरिंग लॉकही होऊ शकतं. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर ती चाकं, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा ब्रेकची डिस्क यांची. पाय दाबल्यावर येते आणि सोडल्यावर जाते, तर एक्सलचा आतला जॉइंट बघा. त्याचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस उडालेलं असेल तर दोष तिथेच. तोच वेग चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये ठेवून बघितला आणि थरथर आरपीएमप्रमाणे बदलली, तर इंजिन माउंटिंग किंवा इंजिनच. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग डुलतं, तर डिस्क. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस जॉइंट किंवा मधलं बेअरिंग सैल झालं तरी फ्लोअर थरथरतो, पण ती थरथर बारीक आणि वेगवान, गुणगुणल्यासारखी असते, कारण चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे साधारण चार फेरे होतात.

आता दुकानातलं काम. चाक उतरवल्यावर रिमच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. पावसाळ्यानंतर तिथे वाळलेल्या चिखलाची पापडी बसलेली असते, आणि चाक चिखलासकट बॅलन्स केलं तर पुढच्या धुण्यात पापडी निघते आणि सगळं पुन्हा बिघडतं. जुनी वजनं सगळी काढायला सांगा; जुन्यावर नवी चढवत जाणं हा सर्रास दिसणारा आळस आहे. मग मशीनवर रिमची रुंदी, व्यास आणि मशीनपासूनचं अंतर ही तीन मापं भरली जातात. आधीच्या गाडीची मापं तशीच राहिली तर स्क्रीनवरचा आकडा निरर्थक असतो, म्हणून मोजपट्टी ओढलेली डोळ्यांनी बघा.

खरी मेख मात्र ‘कोन’मध्ये, म्हणजे चाक मशीनवर बसवणाऱ्या शंकूत आहे. चाक मशीनच्या शाफ्टवर मधल्या भोकातून शंकूच्या आकाराच्या कोनने बसतं. कोन चुकीच्या मापाचा असला, भोकाच्या कडेला गंज असला किंवा नट घट्ट करताना चाक थोडं तिरकं राहिलं, तर मशीन चाकाचा नाही, त्या तिरकेपणाचा हिशोब करून वजन लावायला सांगतं. हे ओळखायची परीक्षा एका मिनिटाची आहे. वजनं लावून दोन्ही बाजूंना शून्य आल्यावर नट सैल करायला सांगा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करून मशीन चालवायला सांगा. आकडा शून्य किंवा ५ ग्रॅमच्या आसपास राहिला तर काम पक्कं. १५-२० ग्रॅम दाखवला तर चाक नीट बसलेलंच नव्हतं. ही परीक्षा न कुरकुरता करून दाखवणारा कारागीर मिळाला तर त्याचं दुकान सोडू नका. बहुतेक मशीनवर ५ ग्रॅमपेक्षा कमी फरक शून्यच दिसतो. बारीक आकडा दाखवणारं बटण असतं, ते एकदा दाबून घ्या.

वजनं किती लागली तेही लक्षात ठेवा, विशेषतः जिथे ग्रॅमवर पैसे घेतात तिथे. एका चाकाला ८०-१०० ग्रॅमच्या वर वजन मागितलं जात असेल तर वजन लावून गप्प बसू नये. टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बसवलं तर टायरची जड बाजू रिमच्या जड बाजूपासून लांब जाते आणि अनेकदा निम्म्या वजनात भागतं. याला मेहनत लागते, म्हणून आपणहून कोणी सुचवत नाही.

या सेवेची मर्यादाही नीट समजून घ्या. मशीनवर चाक हवेत फिरतं, त्यावर गाडीचा भार नसतो. त्यामुळे आतली तारेची जाळी सुटलेलं टायर किंवा खड्ड्यात आपटून आउट झालेली, म्हणजे वाकलेली, रिम वजनाच्या हिशोबात शून्य दाखवू शकते आणि रस्त्यावर तरीही उड्या मारते. मशीनवर चाक फिरत असताना खाली वाकून रिमची कडा आणि टायरचा पृष्ठभाग बघा. जवळ धरलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकापासूनची फट कमीजास्त होताना दिसते. रिमची फट १ मिलिमीटरच्या आसपास किंवा टायरची दीडच्या वर हलली तर ते चाक हायवेवर जाणवणारच. आउट रिमची थरथर बहुधा ३०-४०च्या डुलण्यापासूनच सुरू होते. टायरच्या बाजूला फुगा असेल तर चर्चा नको, टायर बदला. बाजूवरचा चार आकडी तारीखकोडही वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. टायर दाबून भाराखाली मोजणारी रोड फोर्स मशीनं जाळी सुटल्याचा किंवा रिम आउट असल्याचा दोष पकडतात. तुमच्या शहरात तशी सोय असेल तर दोनदा बॅलन्सिंग फसल्यावर तिकडेच जा.

आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय रिम लावले असतील तर वेगळीच अडचण. मारुतीच्या कितीतरी गाड्यांच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर आहे, आणि सगळ्यांना चालावेत म्हणून केलेल्या अलॉयचं मधलं भोक अनेकदा ७३.१. मधली फट भरणारी रिंग नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर केंद्रात राहतं. मशीनवर परफेक्ट, गाडीवर वाकडं. चार रिंगांचा खर्च किरकोळ आहे.

अलाइनमेंट सोबत करून घ्या असं काउंटरवर हमखास सांगतात. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असतील तर जरूर करा. थरथरीवर मात्र तो इलाज नाही.

शेवटी चाक परत बसवताना हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने काढायला सांगा. नट समोरासमोरचे, आधी हाताने धरून, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. थेट गनने एकाच बाजूने आवळले तर चाक तिरकं बसतं आणि डिस्कवरही ताण येतो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.