व्हीडीआरवर आठ महिने: वाहिन्यांची नावं, त्यांचा क्रम आणि एक जोडाक्षर

मे महिन्यात आमच्याकडे जोराचा वळीव झाला. वीज जवळच कुठेतरी पडली आणि गच्चीवरच्या छत्रीतून येणाऱ्या वायरीतून धक्का थेट संगणकात शिरला. बाकी सगळं वाचलं, फक्त सॅटेलाइटवरचा टीव्ही संगणकात आणणारं ट्यूनर कार्ड गेलं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी विजेचं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं. कार्ड तसं नवंच होतं, पण पाच फोन करूनही उत्तर तेच. शेवटी दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या चिपचं कार्ड मागवलं. कार्डाच्या पैशांपेक्षा मला काळजी होती ती आठ महिने बसून लावलेल्या वाहिन्यांच्या यादीची. नवं कार्ड बसवलं, संगणक सुरू केला, आण्णांनी रिमोटवर १ दाबला आणि 'मुंबई' वाहिनी लागली. यादीतली एक ओळही हलली नव्हती. त्याच रात्री हा अनुभव लिहायला घेतला.

व्हीडीआर काय आहे ते इथे येणाऱ्या बहुतेकांना माहीत असेल. जर्मनीतल्या क्लाउस श्मिडिंगर यांनी २००० साली सुरू केलेला, लिनक्सवर चालणारा, संगणकावर टीव्ही दाखवणारा आणि रेकॉर्ड करणारा, फुकट आणि मुक्त प्रोग्राम. आमच्याकडे तो डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या फुकट सेवेसाठी चालतो, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५ उपग्रह. केबल बंद केली तेव्हा १३० रुपये आणि वर कर, हा दर महिन्याचा नुसता जोडणीचा खर्च मला सोसवत नव्हता. जुना संगणक घरात पडून होता. चित्राची प्रत, रेकॉर्डिंग, पुढे-मागे करणं हे सगळं उत्तम चालतं, त्यावर शब्द घालवत नाही. मला लिहायचंय ते फक्त वाहिन्यांची नावं बदलणं आणि त्या ओळीत लावणं याबद्दल. आमच्या घरात टीव्ही लागतो की नाही, हे त्यावरच ठरतं.

आण्णा ७८ वर्षांचे आहेत. त्यांना सातच्या बातम्या लागतात, दुपारी जुना सिनेमा लागतो आणि गुरुवारी भजन लागतं. सेटटॉप बॉक्सवर हव्या त्या वाहिनीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्या वाटेत तीस-चाळीस नको त्या वाहिन्या यायच्या. आधी मी विंडोजवरचा एक विकतचा प्रोग्राम घेतला होता. त्यात आवडत्या वाहिन्यांची वेगळी यादी करता यायची, पण मूळ क्रमांक तसेच राहायचे. आण्णा १ दाबायचे आणि लागायचं भलतंच. व्हीडीआरकडे वळलो ते एवढ्यासाठीच.

व्हीडीआरची सगळी यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, चॅनल्स डॉट कॉन्फ. एका वाहिनीला एक ओळ, आणि ओळीतले रकाने कोलनने तोडलेले: नाव, फ्रिक्वेन्सी, ध्रुवीकरण, सॅटेलाइटची जागा, सिम्बॉल रेट, मग चित्राचा नि आवाजाचा पीआयडी (म्हणजे त्या-त्या प्रवाहाचा क्रमांक) आणि शेवटी ओळख पटवणारे आकडे. आमच्या एका गटाच्या ओळींत फ्रिक्वेन्सी ११०९०, उभं ध्रुवीकरण, सिम्बॉल रेट २९५०० असं दिसतं. या ओळीत कार्डाचा उल्लेख कुठेही नसतो. म्हणून कार्ड जळालं तरी यादी जिवंत राहिली. वाहिनीची खरी ओळख सॅटेलाइट, नेटवर्क, ट्रान्सपॉन्डर (एका फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या पाठवणारा सॅटेलाइटचा भाग) आणि सेवा यांच्या आकड्यांवरून ठरते, नावावरून नाही. त्यामुळे नाव काहीही ठेवा, लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग चुकत नाही. मी एका वाहिनीचं नाव चार वेळा बदललं, तरी आईची मालिका रोज बिनचूक साठत राहिली.

रिमोटवरूनही हे सगळं करता येतं. वाहिन्यांच्या यादीत लाल बटण म्हणजे बदल, हिरवं म्हणजे नवी, पिवळं म्हणजे काढून टाकणं, निळं म्हणजे हलवण्यासाठी खूण. शून्य दाबलं की यादी क्रमांकाने, नावाने किंवा पुरवणाऱ्याच्या नावाने लावून दिसते. ज्या वाहिनीवर रेकॉर्डिंग लावलंय ती चुकून काढायला गेलात तर प्रोग्राम काढू देत नाही. पण शंभरावर वाहिन्या रिमोटने हलवणं म्हणजे पोत्यातले गहू एकेक दाणा करून निवडणं. फाइल संपादकात उघडून ओळी खालीवर करणंच बरं.

तिथेच पहिला फटका बसला. प्रोग्राम चालू असताना मी फाइल उघडली, दोन तास बसून ओळी लावल्या, जतन केल्या. व्हीडीआरने स्वतःकडची जुनी यादी त्या फाइलवर लिहून टाकली. आधी प्रोग्राम थांबवायचा, मगच फाइलला हात लावायचा. हे वाक्य कोणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक रविवार वाचला असता.

दुसरा फटका जास्त लागला. नावं नीट मराठीत लिहिली, प्रोग्राम चालू केला, चहा घेऊन येतो तोवर निम्मी नावं परत इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. कारण असं की वाहिनीचं नाव सॅटेलाइटवरूनच एका तक्त्यात सतत येत असतं. नियमाप्रमाणे तो तक्ता दर दोन सेकंदांच्या आत पुन्हा पाठवावा लागतो. व्हीडीआर तो वाचतो आणि तुमचं नाव पुसून पाठवणाऱ्याचं नाव बसवतो. सेटिंगमध्ये वाहिन्या अद्ययावत करण्याचे सहा पर्याय आहेत: काहीच नको, फक्त नावं, फक्त पीआयडी, दोन्ही, नव्या वाहिन्यांची भर, नव्या ट्रान्सपॉन्डरची भर. मूळ सेटिंग शेवटच्या पर्यायावर असतं, म्हणजे सगळंच बदलू दे. मी 'फक्त पीआयडी' लावलं आणि नावं टिकली. त्या दिवशी मला मनापासून राग आला होता. माझ्या घरातल्या टीव्हीवर काय लिहायचं ते मी ठरवणार, आकाशातून कोणी का ठरवावं?

हे मत मी १ एप्रिलला बदललं. फ्री डिशवरच्या जागांचा प्रसार भारती ई-लिलाव करते आणि नव्या वर्षाच्या जागा १ एप्रिलपासून लागू होतात. कोणी जातं, कोणी येतं. २०१९च्या मार्चमध्ये मोठ्या समूहांच्या मनोरंजन वाहिन्या एकदम गेल्या होत्या, २०२०च्या जूनमध्ये परत आल्या, २०२२च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेल्या, हे फ्री डिशवाल्यांना तोंडपाठ असेल. यंदा आण्णांनी दुपारी 'बोलपट' (सिनेमाच्या वाहिनीला आम्ही दिलेलं नाव) लावलं तर तिथे कुठल्याशा तेलाची जाहिरात अर्धा तास चालू. मी नाव गोठवून ठेवलं होतं, आत वाहिनी बदलून गेली होती. पाठवणाऱ्याचं नाव येऊ दिलं असतं तर बदल लगेच दिसला असता. आणि 'फक्त पीआयडी'वर नव्या वाहिन्या यादीत येतच नाहीत, त्यामुळे जे नवीन आलं तेही मला कळलं नव्हतं. ज्या सोयीला मी शिव्या दिल्या ती फ्री डिशसारख्या ठिकाणी गरजेचीच आहे.

आता मी असं करतो. महिन्यातून एकदा रात्री प्रोग्राम थांबवून यादीची प्रत बाजूला ठेवतो. मग 'नव्या वाहिन्यांची भर' लावून व्हीडीआर रात्रभर सोडतो, तो एकेक ट्रान्सपॉन्डर फिरून घेतो. सकाळी पुन्हा थांबवून दोन्ही फाइली शेजारी उघडतो. नव्या वाहिन्या यादीच्या तळाशी आलेल्या असतात, त्या ओळी उचलून माझ्या प्रतीत योग्य गटात लावतो. जुन्या ओळींत नाव बदललेलं दिसलं की समजायचं, आतला भाडेकरू बदलला. 'टेस्ट' नावाच्या ओळी काढून टाकतो. वीसेक मिनिटांचं काम आहे. माझी नावं आणि पाठवणाऱ्याची नावं दोन वेगळ्या रकान्यांत राहिली असती तर तेवढंही लागलं नसतं.

गट पाडण्याची सोय मात्र मला फार आवडली. ओळीच्या सुरुवातीला कोलन टाकून पुढे नाव लिहिलं की तो गटाचा मथळा होतो. कोलननंतर ॲटचं चिन्ह आणि आकडा दिला की पुढच्या वाहिनीला तोच क्रमांक मिळतो. आमच्याकडे १ पासून मराठी, १०० पासून बातम्या, २०० पासून सिनेमे, ३०० पासून गाणी, ४०० पासून देवाधर्माचं. मध्ये जागा मोकळी असल्यामुळे नवीन वाहिनी आली तरी पुढच्यांचे क्रमांक सरकत नाहीत. सांभाळायचं एकच: दिलेला आकडा आधीच्या सगळ्या क्रमांकांपेक्षा मोठा हवा. लहान पडला तर प्रोग्राम तो गुपचूप सोडून देतो, चूक म्हणून काही सांगत नाही. माझा ३००चा गट एकदा ४००च्या खाली गेला होता आणि मी संध्याकाळभर फाइलमधले कोलन मोजत बसलो होतो.

आता ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते. देवनागरी.

फाइलमध्ये देवनागरी लिहिता येते, यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत) असल्यावर काहीच अडत नाही. सेटिंगमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट निवडला की पडद्यावर अक्षरंही येतात. पण व्हीडीआर एकेक चिन्ह सुटं काढतो, ती एकमेकांत गुंफत नाही. 'सह्याद्री' लिहिलं तर ह ला हलन्त आणि शेजारी अख्खा य, द ला हलन्त आणि शेजारी अख्खा र. आण्णांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे मोडलंय की रे. असं पाटीवर लिहिलं असतं तर छडी खाल्ली असती आम्ही." पहिली वेलांटीही तशीच. 'सिनेमा'तली वेलांटी स च्या आधी न येता नंतर येते आणि न ला जाऊन चिकटते.

अरबी आणि हिब्रूसाठी उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय या प्रोग्राममध्ये जोडता येते. मेनूच्या भाषांतही अरबी आहे, तुर्की आहे, चिनी आहे. भारतीय भाषा एकही नाही. ज्यांनी सोयी केल्या त्यांनी आपापल्या भाषेसाठी वेळ काढला, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडून कोणी गेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

मग मी जोडाक्षर आणि पहिली वेलांटी नसलेले शब्द शोधायला लागलो. यात दोन आठवडे गेले आणि घरातले सगळे त्यात ओढले गेले. 'बातम्या'त जोडाक्षर, म्हणून 'खबरबात'. 'सिनेमा'त वेलांटी, म्हणून 'बोलपट'. हा शब्द आण्णांचा, आणि तो सापडल्यावर त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. 'शेती', 'गाणी', 'भजन', 'खेळ', 'नाटक' आहेत तसेच छान दिसतात. आई म्हणाली, "सरळ इंग्रजीत लिही ना, वाचता येतं की आम्हाला." तिला येतं. पण आण्णांना चष्म्याआडून चटकन ओळखू येतात ती मराठी अक्षरं, आणि त्यांच्या टीव्हीवर ती असावीत असं मला वाटतं.

सह्याद्रीला मात्र पर्याय सापडेना. तीन दिवस पहिल्या क्रमांकावर मोडकं नाव तसंच होतं. चौथ्या दिवशी आण्णा स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगं, मुंबईवर बातम्या लागल्या." २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, पुढे मराठी वाहिनी डीडी-१० झाली, मग सह्याद्री झाली, पण आमच्या घरात ती कायम मुंबईच राहिली. उकार खाली, अनुस्वार वर, जोडाक्षर नाही. पडद्यावर 'मुंबई' अगदी स्वच्छ उमटतं. त्या संध्याकाळपासून पहिली ओळ तीच आहे.

नंतर एक वाट आणखी सापडली. व्हीडीआरला 'लाइव्ह' नावाचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) जोडलं की घरातल्या कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये, ८००८ या पोर्टवर, वाहिन्यांची यादी उघडते आणि तिथून टीव्हीवरची वाहिनीही बदलता येते. ब्राउझरला जोडाक्षरं नीट येतात. तिथे 'सह्याद्री' लिहिलं तर जसं हवं तसं दिसलं असतं. मी आण्णांना विचारलं, नाव बदलू का? ते म्हणाले, "राहू दे, सवय झाली." आई आता मोबाइलवरूनच वाहिनी लावते, आण्णा रिमोट सोडत नाहीत.

पैशांचं सांगायचं तर प्रोग्राम फुकट, संगणक जुना, महिन्याचं बिल शून्य. दोन कार्डांचे पैसे गेले ते विजेमुळे. आता छत्रीच्या वायरीला अर्थिंगचा जोड लावलाय आणि ढग आले की वायर काढून ठेवतो. ज्यांच्या छत्र्या गच्चीवर आहेत त्यांनी हे आधीच करावं. यादीची प्रत पेन ड्राइव्हवर आहे आणि एक माझ्या मेलमध्ये. फ्री डिशवाल्या कोणाला मराठी नावांची, गट पाडलेली फाइल हवी असेल तर मागा, जूनपर्यंतच्या बदलांसकट देतो.

आणि प्रोग्रामिंग येणाऱ्या कोणी वाचत असेल तर एक विनंती. फॉन्ट काढणाऱ्या भागात अक्षरं गुंफण्याची सोय घालायची असेल तर मी तपासून द्यायला तयार आहे. कुठलं जोडाक्षर कसं मोडतं त्याचे फोटो काढून ठेवलेत, एकेचाळीस आहेत.