हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी: उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही वापरून

आमचं घर हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यात. पुढच्या घरावर कवेलू आहेत, सासूबाईंची मागची खोली मात्र स्लॅबची. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, हा स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडतो. त्यांच्यासाठी दीड टनाचा हॉट अँड कोल्ड एसी घेतला. एक टन पुरला असता असं दुकानदार म्हणाला, पण कागदावरची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 सहज होतं.

जुन्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोरात, नाही तर बंद. इन्व्हर्टर एसीत तो गरजेप्रमाणे वेग बदलतो. आतल्या युनिटच्या जाळीमागे, जिथून खोलीतली हवा ओढली जाते, तिथे मुगाच्या दाण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर आहे. हवा तापली की त्याचा रोध कमी होतो आणि त्यावरून कार्डाला, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाला, तापमान कळतं. खोली 38 वर आणि सेटिंग 26 असेल तर कॉम्प्रेसर जोर लावतो, अंतर मिटत आलं की मंदावतो. म्हणून भर दुपारी 16 वर टाकून खोली लवकर गार होत नाही, जोर आधीच पूर्ण लागलेला असतो.

खरी अडचण त्या दाण्याच्या जागेची. तो छताजवळ, सासूबाई खाटेवर. तापलेल्या स्लॅबखालची हवा मोजून मशीन गार करतच राहायचं आणि इकडे त्या म्हणायच्या, "बाई, पाय गारठून रायले माये." हिवाळ्यात उलट. गरम हवा वर चढते, वर 25 झाले की मशीन ढिलं पडतं, खाली फरशी थंडगारच. वरची हवा जास्त गरम असणार म्हणून कंपनी हीटिंगमध्ये काही अंश वजा धरते, पण ती सगळ्या खोल्यांना सारखी कशी लागू पडेल?

यावरचा इलाज रिमोटमध्येच होता. त्यातही सेन्सर आहे; त्याचं बटण दाबलं की रिमोट दर काही मिनिटांनी स्वतःजवळचं तापमान युनिटला कळवतो. रिमोट खाटेशेजारच्या स्टुलावर, तोंड युनिटकडे करून ठेवायचा. गोधडीखाली गेला तर निरोप पोचत नाही, उन्हात ठेवला तर चुकीचा पोचतो. बसवायला आलेल्या माणसाने यातलं काहीच सांगितलं नाही, पुस्तिकेत वाचून कळलं. एवढ्या महागड्या वस्तूबाबत हे मला अजिबात पटलं नाही.

हीटिंगवर मी बेहद्द खूश आहे. पौषात पहाटे बाहेर 10 अंश असले तरी त्या हवेतली उष्णता मशीन ओढून आत आणतं. आधी सासूबाई खाटेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवायच्या आणि रात्रभर खोकायच्या. ती शेगडी आता अंगणात, पाणी तापवायला.

लाईन जाऊन आली की कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबून सुरू होतो, तो बिघाड नव्हे. शेतातले पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, तेव्हा स्टॅबिलायझर घ्याच. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, रिमोटमध्ये सेन्सर आहे का. नसेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.