नमुना खरा, माल खोटा: खडे आणि चांदीच्या तारेत झालेली फसवणूक

घरी तार गुंडाळून खड्यांची कानातली बनवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मला ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत आजही सर्रास चालते आणि नेमकी जपून खरेदी करणाऱ्यांवरच वापरली जाते.

मी एका ऑनलाइन खरेदीच्या साइटवरच्या विक्रेत्याकडून आधी नमुने मागवले होते. फिरोजाचे ६ मिलिमीटरचे गोल मणी आणि ९२५ चांदीची (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेली) २४ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) मऊ तार. दोन्ही चोख निघालं. मण्यांचा रंग एकसारखा नव्हता, काहींत हिरवट झाक होती, तपकिरी रेषा कुठे जाड तर कुठे गायब. तार पकडीने वळवली तरी उसळत नव्हती आणि कापलेलं टोक आतपर्यंत पांढरं होतं. त्यातून केलेल्या जोड्या लोकांना आवडल्या, मागणी वाढली आणि मी मोठी ऑर्डर द्यायचं ठरवलं.

तेव्हा विक्रेत्याचा मेसेज आला: "ताई, एवढ्या मालावर साइट कमिशन कापते. रक्कम थेट खात्यात पाठवा, मी कानाचे ९२५चे हुक वरून देतो." आधीचा माल खरा, बोलणं आदबीचं, सवलतही पटण्याजोगी. पैसे साइटच्या बाहेरून गेले. पार्सल वेळेवर आलं, वजन बरोबर, पाकिटांवर तीच लेबलं, छपाईसुद्धा तीच.

संशय आला तो मण्यांच्या रंगावरून. सगळी माळ एकाच निळ्या रंगाची, काळ्या रेषाही जवळपास सारख्याच जाडीच्या. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून एका मण्यावर घासला, तर बोळा आकाशी झाला. तोच मणी फडक्यात धरून पकडीने फोडला. आत पांढराफटक दगड, निळा रंग फक्त वरच्या सालीपुरता. हाऊलाइट किंवा मॅग्नेसाइट रंगवून फिरोजा म्हणून विकतात, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही दगड सच्छिद्र आणि मुळात पांढरे असल्यामुळे रंग पितात, आणि हाऊलाइटमध्ये तर काळसर शिरा निसर्गतःच असतात. त्यामुळे फोटोत फरक कळणं जवळजवळ अशक्य.

मग तारेकडे वळले. गुंडाळीच्या बाहेरचे वेढे नमुन्यासारखेच दिसत होते. टोक धारदार कटरने सरळ कापून भिंगाखाली धरलं, तर कडेला पांढरी रेघ आणि मधोमध तांब्याचा गुलाबी ठिपका. चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार! खात्रीसाठी घनता काढली. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि तारेची गुंडाळी दोऱ्याला बांधून पाण्यात अशी सोडायची की ती तळाला टेकणार नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर तारेचं आकारमान. कोरड्या तारेच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. वेढ्यांत बुडबुडे अडकू देऊ नका, नाहीतर उत्तर कमी येतं. ९२५ चांदीची घनता १०.३च्या आसपास असते आणि तांब्याची ८.९६. माझं उत्तर ९च्याही खाली आलं.

त्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की नैसर्गिक खड्यात फरक असतोच. मग म्हणाला, फिरोजावर प्रक्रिया करणं ही जगाची रीत आहे. हे अर्धसत्य फार घातक आहे. मऊ फिरोजात रेझिन (घट्ट होणारा डिंकासारखा पदार्थ) भरून तो टिकाऊ करतात आणि तसं सांगून विकला तर त्यात काहीच गैर नाही. पण तो मुळात फिरोजा असतो. दुसराच दगड रंगवून देणं म्हणजे प्रक्रिया नव्हे. तारेबद्दल त्याने एक व्हिडिओ पाठवला: तारेला लोहचुंबक लावतोय, चिकटत नाही, "बघा, शुद्ध चांदी!" चुंबक चांदीला चिकटत नाही हे खरं, पण तांब्याला, पितळेला आणि जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही. त्या परीक्षेने फक्त लोखंडासारखे चुंबकाला चिकटणारे धातू ओळखू येतात. शेवटी म्हणाला, आधी चांगला अभिप्राय लिहा, मग अर्धी रक्कम परत करतो. मी तो लिहिला नाही. साइटवर तक्रार केली तर त्यांच्या नोंदीत हा व्यवहारच नव्हता, आणि बँकेचं म्हणणं पडलं की रक्कम तुम्ही स्वतःच पाठवली आहे.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते हुकांचं. माल तपासण्याआधीच काही जोड्या त्या हुकांवर चढून लोकांकडे गेल्या होत्या. एकीच्या कानाच्या भोकांभोवती लाल कडा आली, बारीक पुरळ उठलं आणि पाणी सुटलं. हुकांवर ९२५चा शिक्का होता, पण शिक्का कुणीही मारू शकतो. उरलेल्या हुकांवर निकेल तपासायच्या किटमधले थेंब टाकून कापसाने घासलं, कापूस गुलाबी झाला. म्हणजे निकेल. ते बहुधा जर्मन सिल्व्हर असावेत. त्या धातूत नावापुरतीच चांदी, प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. म्हणूनच युरोपीय संघात टोचलेल्या भागातल्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू देत नाहीत. त्या बाईंना मी लगेच कळवलं, बाकीच्या सगळ्या जोड्याही परत मागवल्या. गुंडाळलेली तार सोडवली की ती पुन्हा सरळ होत नाही, कडक होऊन तुटते. खडा, तार, तासन्‌तासांची मेहनत, सगळंच गेलं.

म्हणून कळकळीने सांगते, नमुन्याच्या भरवशावर मोठा माल तपासल्याशिवाय वापरू नका. प्रत्येक माळेतला एक मणी फोडायचा असं धरूनच चला, एका मण्याचं नुकसान सोसतं. ॲसिटोनने रंग सुटला नाही म्हणून खडा खरा ठरत नाही, कारण रंगावर रेझिनचा थर दिलेला असू शकतो. फोडल्यावर मात्र आतलं लपत नाही. तारेचं टोक गुंडाळीच्या आतूनही कापून बघा, बाहेरचे दोन वेढे खरे आणि आत दुसरीच तार, असंही करतात. जाडी कॅलिपरने मोजा. २४ गेज अमेरिकन मापात ०.५१ मिलिमीटर आणि ब्रिटिश मापात ०.५६, त्यामुळे मीटरवर विकणारा या फरकातही हात मारतो. कोणतं माप ते आधी लिहून घ्या.

नावांनाही भुलू नका. ओपलाइट आणि गोल्डस्टोन ही माणसाने बनवलेली काच आहे, चेरी क्वार्ट्झ म्हणून मिळतं तेही बहुतेक काचच. स्वस्त सिट्रीन (पिवळा खडा) बरेचदा तापवलेलं ॲमेथिस्ट (जांभळा खडा) असतं. काच म्हणून घेतली तर काचेचीही कानातली सुंदर होतात, प्रश्न फक्त खरं सांगण्याचा आहे. दहापट भिंगातून गोल बुडबुडे दिसले की काच समजा.

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात लेबल आणि वजन दिसू द्या. आणि कोणी कितीही सवलत देवो, पैसे साइटच्या बाहेर पाठवू नका. माझ्या विक्रेत्याचं दुकान आता त्या नावाने सापडत नाही, पण तेच मण्यांचे फोटो, त्याच निळ्या कापडावर मांडलेले, दुसऱ्या नावाखाली दिसतात. खरेदीआधी विक्रेत्याने टाकलेला मालाचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत एकच फोटो निघाला तर तिथून काही घेऊ नका.