बाजूला दार असलेला पिंजरा
धुळ्यात सशासाठी पिंजरा बनवून घ्यायचा असेल, तर वेल्डिंगच्या आधी दार कुठे येणार ते ठरवा.

आमच्या सशाचं नाव कापूस. हे नाव माझ्या मुलीने, रेवाने ठेवलं. ती दुसरीत आहे, मुळात अबोल. गेल्या जूनमध्ये नाशिकहून धुळ्यात देवपूरला राहायला आलो आणि शाळेत तिचं कुणाशीच जमेना, म्हणून ससा आणला. पहिला पिंजरा ऑनलाइन मागवला, वरून उघडणारा. वरून हात आत गेला की कापूस मागचे पाय धाडकन आपटून कोपऱ्यात दडायचा. घार वरूनच झडप घालते, त्यामुळे वरून येणाऱ्या हाताला ससा घाबरतो, हे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. तोवर रेवाने मनात धरलं होतं की आपण त्याला आवडत नाही. शिवाय तळाला उघडी जाळी. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. दोन महिन्यांत ते झडून कातडी लाल झाली.

मग पारोळा रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तरी कान टेकू नयेत. अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी. दार बाजूला, जमिनीलगत, उंबरठा नको. तळ प्लायचा, अर्ध्या भागावर शहाबादी फरशी.

मी एसटीच्या वर्कशॉपला आहे, वेल्डिंग रोज बघतो. यांचं काम स्वच्छ आहे. जाळीची टोकं पट्टीखाली दाबलीत, कुठेही बोट कापत नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, तो दिसेल ते कुरतडतो, म्हणून आतून रंग नको म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि सांधेही बाहेरच्या बाजूने जोडले. 3,400 रुपये झाले. सहा दिवस सांगून अकरा लावले. मूत धरायच्या ट्रेची कड बोटभर कमी पडते, ते कोपऱ्यातून झिरपतं, रोज पुसावं लागतं. या दोन गोष्टींमुळे पाचपैकी चारच गुण.

फरशीचा निर्णय मात्र सोन्यासारखा ठरला. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि सशाला तिशीपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, नुसत्या पंख्याने भागत नाही. दुपारी फरशीवर ओलं फडकं फिरवलं आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवली, की कापूस पोट टेकून लांब पसरतो.

आणि दार. रेवा ते उघडं ठेवून समोर पालथी पडून पुस्तक वाचायची. हात आत घालायचा नाही, एवढंच तिला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी नाक बाहेर आलं. नवव्या दिवशी तो बाहेर येऊन तिच्या चपलेवर हनुवटी घासून गेला. हनुवटीखाली गंधाची ग्रंथी असते, "हे माझं" म्हणून ससा अशी खूण करतो. पोर जागची हलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी विसरणार नाही.

आता संध्याकाळी तो तिच्या मांडीला टेकून बसतो. कपाळावरून बोट फिरवलं की दात बारीक करकरवतो, ती त्याची खुशी. माझे वडील रोज अहिराणीत विचारतात, "काय म्हनस तुना दोस्त?" मग रेवा त्यांना सगळं सांगते, मेथी किती खाल्ली, कुठला आवाज ऐकून कान उभे केले, दहा-दहा मिनिटं.

पिंजरा जड आहे, हलवायला दोघं लागतात. म्हणून मागच्या रविवारी चाकं बसवायला नेला. रेवा सोबत होती. मिस्त्री लोखंडी चाकं काढत होते, तर तीच पुढे झाली, "काका, रबराची लावा. आवाज झाला तर तो घाबरतो." त्यांनी रबराची लावली.