द्राक्षाचं पान, वेबसाईटचं पान: ॲडसेन्स चार वर्षं वापरून

आमची सावळजजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे, निम्मी थॉमसन, निम्मी माणिक चमन. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस उघडायचं नाव घेईना आणि डाऊनी या बुरशीच्या रोगानं घड हातचे गेले. त्या हंगामात मी वहीत रोजचं टिपण ठेवलं होतं: कोणत्या दिवशी किती पाऊस, कोणती फवारणी, दोन दिवसांनी पानाची अवस्था काय. ती वही बघायला लोक घरी यायला लागले, तेव्हा पुढच्या वर्षी मी वेबसाईट काढली. तिच्यावर जाहिराती लावून पैसे मिळवायचे, म्हणून २०२१ पासून गूगलचं ॲडसेन्स वापरते आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बायका आणि शेतकऱ्यांची पोरं आता मराठीत साईट काढतात आणि मला हेच विचारतात, की ताई, ह्यातनं खरंच काही मिळतं का? त्यांच्यासाठी हे लिहिते.

आधी थोडं कामाचं. तुम्ही साईटवर जागा द्यायची, त्या जागेत कोणती जाहिरात यायची हे गूगलचं यंत्र ठरवतं. ते तुमचा लेख वाचतं आणि त्या विषयाशी जुळणारी जाहिरात बसवतं. वाचकानं आधी काय काय पाहिलंय त्यावरूनही जाहिराती येतात, पण मला भावली ती ही लेख वाचून जाहिरात जुळवण्याची पद्धत. २००३ साली गूगलनं एक कंपनी विकत घेतली, ॲडसेन्स हे नावही तिच्याकडूनच आलं. मराठी पानांना परवानगी मिळाली २०१८ मध्ये. त्याआधी मराठीत लिहिणाऱ्याला हा दरवाजा अधिकृतपणे बंद होता, हे नव्यानं येणाऱ्यांना माहीत नसतं.

माझा पहिला अर्ज परत आला. चूक माझीच होती. साईटवर नऊ लेख, त्यातले चार औषध कंपन्यांच्या माहितीपत्रकावरून जवळजवळ उतरवलेले. ते काढून टाकले, वहीतल्या टिपणांवरून बावीस लेख लिहिले, आमची ओळख आणि संपर्काचं पान केलं, गोपनीयतेचं पान केलं, मग मंजुरी मिळाली. खात्यात दहा डॉलर जमले की सहा आकडी पिन टपालानं घरच्या पत्त्यावर येतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. म्हणून अर्जातच पत्ता नीट घाला. आम्ही वस्तीवर राहतो, तर मी वस्तीचं नाव, मळ्याचं नाव, पोस्ट, तालुका सगळं घातलं होतं. पोस्टमननं आणून हातात दिला.

आता खरी गोष्ट सांगते. सुरुवातीला माझी पानं म्हणजे सहा फोटो आणि त्यांखाली एकेक ओळ. ‘हे बघा, असं होतं.’ वाचकाला कळायचं, कारण त्याच्याही बागेत तेच होतं. यंत्राला मात्र वाचायला काही नव्हतंच. त्या पानांवर कपडे, मोबाईल, कसल्याही जाहिराती यायच्या. मग मी डाऊनीवरचा लेख पुन्हा लिहायला बसले. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग कसा दिसतो, सकाळी दव असताना तेच पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी कापसासारखी कशी असते, भुरी हा दुसरा बुरशीचा रोग आणि डाऊनी वेगवेगळी कशी ओळखायची, पोंगा अवस्थेत म्हणजे डोळा फुटून कोंब निघतो तेव्हा काय आणि फुलोऱ्यात काय, सगळं नावानिशी. लेख अकराशे शब्दांचा झाला. आठवड्याभरात त्या पानावर फवारणी यंत्रं, ठिबक, बुरशीनाशकं, ट्रॅक्टर असं दिसायला लागलं. त्या एका पानाची कमाई आधीच्या तिप्पट झाली. जो लेख शेतकऱ्याला नीट समजतो तोच यंत्रालाही समजतो, हे माझ्या चार वर्षांचं सार आहे. त्यामुळे जाहिरातीसाठी म्हणून वेगळं काही लिहावं लागत नाही, आणि हीच गोष्ट मला या सेवेत सगळ्यात जास्त आवडते.

आकडे उघड सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मला हजार पानं बघितली गेली की साधारण पन्नास रुपये मिळतात. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, डिसेंबरपर्यंत महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास पानं उघडली जातात, बेदाण्याच्या दिवसांत पंचवीस हजार, एप्रिलच्या खरड छाटणीत थोडी वाढतात, आणि पावसाळ्यात बारा हजारांवर येतात. गेल्या वर्षी सगळे मिळून साडेसतरा हजार रुपये झाले. शंभर डॉलर पुरे झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, म्हणजे मला वर्षातून दोनदाच मिळतात. मिळतात मात्र चोख, महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. इंग्रजी पानांना दर जास्त असतो, कारण इंग्रजी वाचकासाठी बोली लावणारे जाहिरातदार जास्त आणि श्रीमंत. मला दोघातिघांनी सांगितलं, इंग्रजीत लिही. पण तासगाव-कवठेमहांकाळचा बागायतदार रात्री नऊला फोन उघडून मराठीत शोधतो, आणि मी त्याच्यासाठीच लिहिते.

वाटणीचा हिशोब असा: जाहिरातदाराच्या शंभर रुपयांतले साधारण अडुसष्ट साईटवाल्याला. २०२३ च्या शेवटी गूगलनं हा हिशोब दोन टप्प्यांत मांडला, आधी जाहिरात विकत घेणाऱ्या बाजूचा खर्च वजा आणि उरलेल्यातले ऐंशी टक्के आपले, पण बेरीज तिथंच येते. त्यापेक्षा महत्त्वाचा बदल म्हणजे पूर्वी पैसे मुख्यतः क्लिकवर असायचे, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर आहेत. माझ्यासारखीला हे बरं. आमचा वाचक औषधाचं प्रमाण बघायला येतो, जाहिरातीवर बोट ठेवायला त्याला सवड नसते.

क्लिकवरून आठवलं. माझा दीर मोठ्या मायेनं म्हणाला, “वहिनी, मी रोज पाच-सहा वेळा दाबतो तुमच्या जाहिराती. मित्रांनाही सांगितलंय.” माझ्या पोटात गोळाच आला. आपल्या जाहिराती आपण दाबायच्या नाहीत, कुणाला दाबायला सांगायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे. असे क्लिक धरले जात नाहीत आणि खातंच बंद होऊ शकतं. त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं. तुम्हीही मंजुरी मिळाली त्याच दिवशी घरच्यांना सांगा.

एक प्रसंग मात्र मनाला लागून राहिला. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका शेतकऱ्याचा फोन आला. “ताई, ते तुमच्या पानावरचं औषध आणलंय की ओ, उद्या मारतोय.” मी म्हटलं, कोणतं? त्यांनी नाव सांगितलं. मी ते नाव आयुष्यात लिहिलेलं नव्हतं. ती लेखाच्या मधोमध आलेली जाहिरात होती. त्यांची बाग निर्यातीची, काढणीला वीस दिवस, आणि बाटलीवरचा काढणीपूर्व कालावधी (पीएचआय), म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, त्याहून जास्त. मारलं असतं तर औषधाचे अंश सापडून माल नाकारला गेला असता. फोन आला म्हणून वाचले. न विचारता मारणारे किती असतील, या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी केल्या. प्रत्येक जाहिरातीच्या वर ठळक अक्षरांत ‘जाहिरात’ असं लिहिलं. फवारणीच्या वेळापत्रकाच्या आत एकही जागा ठेवली नाही, जाहिरात फक्त लेखाच्या वर आणि अगदी शेवटी. आणि लेखात औषधाचा उल्लेख आला की मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ॲनेक्श्चर ५ ची, म्हणजे द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी बघा, त्यात नसेल ते आणू नका, ही ओळ घातली. जाहिरात आपल्या लेखाशी जितकी जुळते तितकी ती आपलाच सल्ला वाटते. कमाईचं कारण तेच आणि धोक्याचं कारणही तेच. औषधं, आरोग्य, पैसा यांवर लिहिणाऱ्यांनी याची जबाबदारी स्वतःवरच घ्यावी. यंत्राला शेतकऱ्याचा पीएचआय माहीत नसतो.

नको त्या जाहिराती अडवायची सोय ॲडसेन्समध्ये चांगली आहे. ज्योतिष, झटपट श्रीमंती, वजन घटवणं असे गट मी पूर्ण बंद केले आहेत. एखाद्या जाहिरातदाराचा पत्ता टाकून त्यालाही रोखता येतं, आणि दिसून गेलेल्या जाहिराती एकेक करून तपासता येतात. रविवारी दुपारी अर्धा तास मी ते बघते. कमाई थोडी उतरते, पण जी जाहिरात सासूबाईंसमोर उघडायला लाज वाटेल ती साईटवर नको.

आपोआप जागा शोधणाऱ्या जाहिराती मी वापरत नाही. पूर्ण पडदा व्यापणारी आणि तळाला चिकटून राहणारी, दोन्ही बंद. आमचा वाचक भर उन्हात बागेत उभा असतो, हाताला औषध लागलेलं, एका अंगठ्यानं फोन सरकवतो. वाचता वाचता मजकूर खाली उडाला तर तो पुन्हा येणार नाही. म्हणून ठरावीक जागाच दिल्यात आणि त्यांची उंची आधीच राखून ठेवली, म्हणजे जाहिरात उशिरा आली तरी ओळ हलत नाही.

ॲडसेन्सच्या आदल्या वर्षी मी जाहिरातींची दुसरी एक सेवा लावून पाहिली होती, नाव घेत नाही. तिप्पट देऊ म्हणाले. चौथ्या दिवशी एका वाचकानं फोटो पाठवला: माझ्या पानावर ‘तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस आहे’ म्हणून लाल खिडकी. तासाभरात काढून टाकली. तिथले पैसे मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत.

बँकेचं एक सांगते. पैसे परदेशातून डॉलरमध्ये येतात, त्यामुळे बँक ते कशाचे आहेत हे विचारते. आमच्या शाखेत पहिल्या वेळी कुणालाच कळेना, पैसे नऊ दिवस अडकले. जाहिरातीच्या उत्पन्नाचा कोड पी १००७ आहे, तो लिहून दिला तेव्हा सुटले. कागदावर लिहूनच जा. हे उत्पन्न शेतीचं नाही, विवरणपत्रात वेगळं दाखवायचं.

ठिबकवाल्या एका दुकानदारानं महिना पंधराशे रुपये देऊन थेट पाटी लावायची विचारणा केली होती. पैशानं ते ॲडसेन्सपेक्षा बरं पडलं असतं. पण त्याच महिन्यात त्याच्या नळ्यांबद्दल वाईट लिहायची वेळ आली असती तर माझा हात अडखळला असता. इथं जाहिरातदार कोण हे मला आधी ठाऊक नसतं आणि मी काय लिहिणार हे त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून हात मोकळा राहतो.

पाचात चार गुण. एक कापला तो शंभर डॉलरच्या मर्यादेसाठी, छोट्या मराठी साईटला पहिले पैसे बघायला सहा-सात महिने थांबावं लागतं आणि तेवढ्यात बरेच जण सोडून देतात. साडेसतरा हजारांतून साईटचा खर्च जाऊन बारा हजार उरले. त्यातून यंदा बागेचं पान-देठ परीक्षण दोनदा केलं आणि दोन्ही अहवाल आकड्यांसकट साईटवर टाकले. ऑक्टोबरच्या पाचला आमची छाटणी आहे, डोळे फुटले की पोंग्यावरचा नवा लेख टाकते.