एअर पिस्तुलाचे छर्रे: स्वस्त डबा, मधला डबा की मॅचचा डबा?

पिस्तुलाची काडतुसे घरीच पुन्हा भरणाऱ्या परदेशी नेमबाजांचे अनुभव वाचून आपल्याकडेही काहींना तो मोह होतो. परंतु शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबईतल्या सर्वसाधारण नेमबाजासाठी तो विषय तिथेच संपतो. त्याच्यासमोर खरोखर जो निर्णय असतो तो १० मीटर एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यांचा, ज्यांना क्लबात सगळे पेलेट म्हणतात. ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही आणि स्पर्धेचे पिस्तूल साधारण ६ जूलच्या आसपास काम करते. त्यामुळे दुकानात गेल्यावर अडचण परवान्याची नसते, फळीवर दिसणाऱ्या डब्यांची असते.

या डब्यांच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली जात सपाट डोक्याच्या स्वस्त, बहुतेक देशी बनावटीच्या छर्ऱ्यांची. दुसरी आयात केलेल्या सरावाच्या छर्ऱ्यांची. आरडब्ल्यूएसचा हॉबी हा ०.४५ ग्रॅमचा छर्रा त्यातला सर्वांत परिचित, आणि त्याच कंपनीचा माइस्टरकुगेल्न हा त्याच्या एक पायरी वरचा. तिसरी जात निव्वळ मॅचसाठी बनवलेल्या छर्ऱ्यांची: आरडब्ल्यूएसचा आर-१०, एच अँड एनचा फिनाले मॅच, चेक प्रजासत्ताकातल्या जेएसबीचा मॅच. तिन्ही जातींचा आकार वरवर सारखाच असतो. डोके सपाट असते, म्हणजे कागदावर काठ न फाटता गोल भोक पडते. कंबर बारीक असते आणि मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो. फरक असतो तो एकसारखेपणात. एका डब्यातल्या पाचशे छर्ऱ्यांचे वजन, डोक्याचा व्यास आणि घेराचा गोलपणा किती सारखा आहे, याचेच पैसे आपण मोजतो.

हा एकसारखेपणा आपल्याला किती उपयोगी पडेल, हे पाहण्यासाठी टार्गेटचे गणित मांडणे भाग आहे. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे असते, आणि छर्ऱ्याचा काठ रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे ४.५ मिमी छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा, १६ मिमीच्या आत असला की नऊ, २४ मिमीच्या आत असला की आठ. प्रत्येक गुण ८ मिमीचा. आता हाताची चूक आणि छर्ऱ्याची चूक या एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने त्यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. ज्याचा हात २४ मिमी इतका विखुरतो, त्याच्या नेमात ५ मिमी विखुरणारा वाईट छर्रा आला तरी एकूण विखुरणे २४.५ मिमीच होते, म्हणजे अर्धा मिलिमीटर वाढते. ज्याचा हात ८ मिमीवर स्थिरावला आहे, त्याचे मात्र त्याच छर्ऱ्याने ९.४ मिमी होते आणि हक्काचे दहा नवात जाऊ लागतात.

म्हणून पहिल्या वर्षातल्या नेमबाजाने मॅचचा डबा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पैसे पाण्यात जातात. आठवड्याला तीन सत्रे आणि प्रत्येक सत्रात साठ-सत्तर फैरी धरल्या तर पाचशेचा डबा अडीच आठवड्यांत संपतो आणि वर्षाला वीस डबे लागतात; मुलाच्या हौशीसाठी खर्च करणाऱ्या पालकांनी ही वीसची संख्या आधी लक्षात घ्यावी आणि मगच एका डब्याच्या किमतीकडे पाहावे.

याचा अर्थ स्वस्तातला स्वस्त डबा घ्यावा असाही नाही, आणि इथे माझे अनेक सोबत्यांशी पटत नाही. स्वस्त डब्याचा खरा दोष सरासरी विखुरणे हा नसून अधूनमधून निघणारा वेडावाकडा छर्रा हा आहे: घेर चेपलेला, डोक्यावर शिशाची कुसळ राहिलेली, किंवा नळीत एकदम सैल बसणारा. असा छर्रा सहावर गेला की नवशिका तो दोष स्वतःच्या घोडा दाबण्यावर घेतो आणि बरोबर चाललेली पद्धत बिघडवून बसतो. सरावात मिळणारे उत्तर खरे असले पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत मीही अशाच एका डब्यापायी मनगटाची पकड दोनदा बदलली होती. डबा बदलल्यावर जुनी पकडच बरी ठरली. तेव्हा नवशिक्याने हॉबीसारख्या मधल्या जातीवर राहावे. देशी डबाच घ्यायचा असेल, तर वर्तमानपत्रावर ओतून प्रत्येक छर्ऱ्याचा घेर डोळ्यांनी तपासण्याची तयारी ठेवावी. साठांपैकी बहुतेक फैरी नवाच्या आत जाऊ लागल्यावर माइस्टरकुगेल्न आणि जिल्हा किंवा राज्य स्पर्धेची तयारी सुरू झाल्यावर मॅचचा डबा, हा क्रम मला योग्य वाटतो.

वजनाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मॅचचे छर्रे हलके आणि जड अशा दोन वजनांत मिळतात. आर-१० चा हलका छर्रा ०.४५ ग्रॅमचा आणि जड ०.५३ ग्रॅमचा. पिस्तुलासाठी सहसा हलका घेतात, कारण तो नळीतून लवकर बाहेर पडतो आणि त्या क्षणी हात हलण्याला तेवढा कमी वाव राहतो. सुमारे ६ जूल ऊर्जेला हलका छर्रा सेकंदाला १६० मीटरच्या आसपास जातो, जड छर्रा १५० च्या खाली येतो. हवेचा विरोध सोडून हिशेब केला तर १० मीटरवर जड छर्रा हलक्यापेक्षा तीन-चार मिमी खाली लागतो. तेव्हा वजन बदलले की साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरण्याची खूण, पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि सरावाला एक वजन, स्पर्धेला दुसरे, असे करण्यात काही हशील नाही. हॉबी आणि हलका आर-१० यांचे वजन एकच असणे ही त्या जोडीची मोठी सोय आहे.

डोक्याच्या व्यासाबद्दल मात्र क्लबात जितकी चर्चा होते तितके तथ्य त्यात नसते. ४.४९ की ४.५० हे कोणाच्या सांगण्यावरून ठरत नाही, कारण प्रत्येक नळी थोडी वेगळी असते. मित्राच्या पिस्तुलात उत्तम चालणारा व्यास तुमच्या पिस्तुलात सामान्य ठरू शकतो. पिस्तूल टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट बसवून एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेच्या, छर्ऱ्यांचे पाच-पाच फैरींचे चार-पाच ग्रुप (भोकांचे पुंजके) काढावेत आणि प्रत्येकात सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. एकाच सुंदर ग्रुपवर भाळून निर्णय घेऊ नये.

ही चाचणी घरी होत नाही. घोडबंदर रोडवरचा असो की खारघरचा, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सलग १० मीटर अंतर क्वचितच सापडते. त्यामुळे बहुतेक जण हॉलच्या भिंतीपासून बेडरूमच्या दारापर्यंत पाच-सहा मीटरवर लहान केलेले टार्गेट लावून सराव करतात. मागे छर्रे अडवणारी पोलादी पेटी असेल, डोळ्यांवर चष्मा असेल आणि मधल्या दारातून कोणी येणार नाही याची खात्री असेल, तर पकड आणि घोड्याच्या सरावाला तेवढे अंतर पुरते. पण पाच मीटरवर छर्ऱ्याचे विखुरणे निम्मे होते, टार्गेट लहान केले तरी भोक ४.५ मिमीचेच राहते, आणि त्यामुळे चांगला व वाईट डबा तिथे जवळजवळ सारखेच दिसतात. घरापुरता विचार केला तर मधल्या जातीपलीकडे खर्च करण्याला काहीच आधार नाही. डब्यांची तुलना करायची असेल, तर क्लबाच्या रेंजवर एक सकाळ मागून घ्यावी.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हा सगळा हिशेब बिघडवणारी गोष्ट म्हणजे दमट हवा. उघड्या राहिलेल्या डब्यातले शिसे आधी काळवंडते आणि नंतर त्यावर पांढरी भुकटी येते. असे छर्रे मॅचचे असले तरी वाया गेलेले समजावेत. शिशाला आम्लांची वाफही सोसत नाही, आणि नव्या प्लायवूडच्या व एमडीएफच्या कपाटांतून ती निघत असते, त्यामुळे नव्या फर्निचरच्या खणात डबे ठेवणे टाळावे. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ते ठेवले तर पावसाळा निभतो. ती पांढरी भुकटी विषारी असते. डबा हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नये आणि लहान मुलांच्या हाती डबा लागू देऊ नये.

खरेदीच्या वेळी शेवटचे पाहायचे ते लॉटच्या क्रमांकाकडे. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडू शकतो, म्हणून आधी एकच डबा घेऊन तो रेंजवर तपासावा आणि पसंत पडल्यास लगेच त्याच क्रमांकाचे आणखी पाच-सहा डबे घ्यावेत. पावसाळ्याच्या तोंडावर त्याहून मोठा साठा करू नये. दुकानदार क्रमांक पाहू देण्यास कुरकुर करीत असेल, तर दुसरे दुकान गाठावे.